पहिली फॉरेन पोस्टिंग लागली? मग आधी तवा सपाट आहे का बघा

मागच्या आठवड्यात पारोळ्याहून माझ्या मावसदिराच्या सुनेचा फोन आला. नवरा परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर, सीजीएलची स्पर्धा परीक्षा देऊन लागलेला, दिल्लीत काही वर्षं काढली आणि आता पहिली बाहेरची पोस्टिंग आली. "काकू, काय काय न्यायचं हो?" एवढाच तिचा प्रश्न. मी बोलायला लागले ते दीड तास झाला तरी सामानावरच होते, तेवढ्यात तिच्या फोनची बॅटरी संपली. मग म्हटलं लिहूनच काढते, कारण आमच्या वेळी सांगणारं कोणी नव्हतं, अख्ख्या अमळनेरात विचारलं तर लोक म्हणायचे दुबईला आमचा भाचा आहे त्याला विचारा.

आम्ही मॉस्कोत होतो, २०१५ च्या ऑक्टोबरपासून तीन वर्षं. त्यामुळे उदाहरणं सगळी तिथली येतील, पण तुम्हाला आफ्रिकेत टाकलं काय नि युरोपात टाकलं काय, घर लावायची भानगड सगळीकडे एकच आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. ज्याची पोस्टिंग आहे त्याचं बस्तान आपोआप बसतं. त्याला सोमवारी सकाळी चान्सरीत, म्हणजे एम्बसीच्या ऑफिसात, खुर्ची टेबल तयार असतं, हिंदी बोलणारी माणसं असतात, चहासुद्धा टेबलावर येतो. बसवायचं असतं ते घरच्यांचं, आणि त्याची कुठली ऑर्डर निघत नाही. हे सगळं त्यांच्यासाठी लिहितेय.

कागद

ऑर्डर हातात आली की सगळे आधी कपडे बघायला लागतात. तसं करू नका, कागद बघा.

नेहमीचा निळा पासपोर्ट असेल तर तो जमा करावा लागतो, त्याच्या बदल्यात सर्टिफिकेट मिळतं ते जपून ठेवा. सरकारी कामाच्या पासपोर्टाचे दोन रंग, ऑफिशियलचा पांढरा आणि डिप्लोमॅटिकचा मरून. डिप्लोमॅटिकचं काम दिल्लीला पतियाळा हाऊसमध्येच होतं. आमचा पांढरा होता. लोकांना वाटतं एम्बसीत आहे म्हणजे सगळे राजदूतच, विमानतळावर कोणी हात लावत नाही. तसं काही नसतं. १९६१ चा व्हिएन्ना करार आहे त्यात डिप्लोमॅट वेगळे आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह अँड टेक्निकल स्टाफ वेगळा, आपण त्या दुसऱ्या खान्यात. डिप्लोमॅटची बॅग कारण असल्याशिवाय उघडत नाहीत, आपली उघडतात. आणि बाहेरून आणलेल्या सामानावर कस्टम ड्युटी माफ असते ती आपल्याला पहिल्यांदा घर लावतानाच, पुढे वर्षभराने टीव्ही मागवला तर ती सवलत करारात नाही. पहिल्यांदा म्हणजे किती महिने ते प्रत्येक देश आपापलं ठरवतो, पोचल्या पोचल्या चान्सरीत विचारून घ्या. मोठ्या वस्तू घ्यायच्या असतील तर त्याच मुदतीत.

आता आपल्याकडची खास अडचण. आमच्या मुलीच्या नगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी. नुसतं आईबापाचं नाव आणि स्त्री. बारशाच्या गडबडीत कोणी नाव टाकायला गेलंच नाही, सहा वर्षं कोणाचं काही अडलं नाही, आणि अडलं ते नेमकं पोस्टिंगच्या वेळी. माझंही तेच, दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. हे सगळं एका स्पेलिंगवर आणायला तीन आठवडे गेले आणि ह्यांच्या सुट्ट्या संपल्या. म्हणून पोस्टिंगची नुसती कुणकुण लागली तरी घरातल्या प्रत्येकाचं नाव सगळ्या कागदांवर एक आहे का ते आधी बघा. मग लग्नाचा नि जन्माचा दाखला अपोस्टिल करून ठेवा, म्हणजे तो परदेशात खरा मानला जातो. आधी राज्य सरकारचा शिक्का लागतो, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. लागेल न लागेल, पण तिकडून अमळनेरला फोन करून "मामा जरा नगरपालिकेत जाऊन या ना" म्हणण्यापेक्षा बरं.

घर मागे ठेवताना

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिमकार्ड. हसू नका. बँक, आधार, पीएफ, गॅस, सगळं ओटीपीवर चालतं आणि तुमचा नंबर बंद पडला की तुम्ही भारतात नसल्यासारखेच. इथून निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, किमान रिचार्ज कधी संपतो ते कॅलेंडरवर लिहा. आमच्या ओळखीत एकांचा नंबर बंद झाला आणि कंपनीने तो दुसऱ्याला देऊन टाकला, मग बँकेचे मेसेज कुठल्यातरी अनोळखी माणसाला.

भावाच्या किंवा वडिलांच्या नावाने मुखत्यारपत्र करून ठेवा, शेताचं, प्लॉटचं, भाडेकरूचं काहीतरी निघतंच.

दात. सगळ्यांचे दात इथेच दाखवून घ्या, रूट कॅनाल जे काय असेल ते इथेच उरका. चष्मे दोन दोन करा. औषधं चिठ्ठीसकट न्या, आणि खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर ते नेऊच नका, बऱ्याच देशांत त्यावरून मोठा त्रास होतो. तसंच खसखस, यूएईत आणि सिंगापूरला ती चालत नाही, आपल्याकडे वाटणात सर्रास असते म्हणून कोणाच्या डोक्यातही येत नाही.

आणि सोनं. आपण पडलो जळगावकडचे, सोन्याशिवाय बाईमाणूस घराबाहेर पडत नाही. सासूबाईंनी पोहेहार काढून दिला होता, म्हणे परदेशात चार माणसांत बसशील उठशील. तो मी लॉकरमध्येच ठेवला. अंगावरचं मंगळसूत्र आणि दोन बांगड्या नेल्या. जास्त न्यायचं असेल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर परत येताना आपलंच सोनं आपलं आहे हे पटवत बसा.

मतदानाचंही करून टाका. बाहेरच्या पोस्टिंगवरचे सरकारी लोक सर्व्हिस व्होटर होतात, गावच्याच यादीत नाव राहतं आणि मत टपालाने देता येतं. सोबत राहणाऱ्या बायकोलाही.

सामान, आणि आता तवा

सामानाचे तीन ढीग करायचे. एक विमानात सोबत, एक मागून येणारं जड सामान, एक इथेच राहणारं. नवीन माणूस चूक करतो ती पहिल्या ढिगात. त्याला वाटतं जड सामान पंधरा दिवसांत येईल. आमचं अडीच महिन्यांनी आलं. तोपर्यंत जे सूटकेसमध्ये तेच घर. म्हणून सूटकेसमध्ये तीन लिटरचा कुकर, त्याची जास्तीची रिंग आणि शिट्टी, पोळपाट लाटणं, मिसळणाचा डबा, एक चादर माणशी, आणि मुलांची एक तरी जुनी ओळखीची वस्तू. मुलाने त्याची फाटकी गोधडी आणली होती, मी म्हणत होते टाक ती, बरं झालं नाही टाकली.

मिक्सर न्यायचा की नाही ते व्होल्टेजवर. रशिया, युरोप, आफ्रिकेचा बराच भाग इथे आपला २३० व्होल्टचा मिक्सर चालतो, फक्त पिनेचा घोळ. मॉस्कोत दोन गोल पिनांचं सॉकेट. आम्ही अ‍ॅडॉप्टर दोन आणि आपला एक्स्टेन्शन बोर्ड एक नेला, तो एकच बोर्ड तीन वर्षं पुरला. अमेरिका किंवा जपानला जाणार असाल तर मिक्सर इथेच कोणाला तरी देऊन टाका, तिकडे १२० आणि १०० व्होल्ट, बिचारा नुसता गुरगुरतो.

आणि तवा. आपला भाकरीचा तवा कसा असतो, मध्ये खोलगट, बुडाला गोल. गॅसवर छान बसतो. तिकडच्या फ्लॅटमध्ये होती काचेची सपाट इलेक्ट्रिक शेगडी. त्यावर आपला तवा ठेवला की तो भवऱ्यासारखा फिरतो आणि तापतो फक्त मधला रुपयाएवढा भाग. पहिल्या दिवशी केलेली भाकरी मध्ये जळकी, कडेला कच्ची, मुलगी म्हणाली आई ही सूर्यफुलासारखी दिसतेय. तर तवा सपाट, जाड बुडाचा घ्या. इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालणार नाही, स्टीलचा घ्या आणि बुडाला चुंबक चिकटतो का ते दुकानातच बघा. जाळी एक न्या, भाकरी तव्यावरून उचलून तापलेल्या शेगडीवर जाळीत धरली की फुगते, गॅसइतकी नाही पण फुगते. खापर नेऊ नका. मांडे करायची हौस गावी आल्यावर भागवा.

सामान बांधायला कंपनी येते, त्यांच्यावर उभं राहा. आमच्याकडे आलेल्या पोरांनी मिक्सरची काचेची भांडी वर्तमानपत्राच्या एका घडीत गुंडाळली नि खाली इस्त्री ठेवली. तिकडे खोकं उघडलं तेव्हा काचेचा चुरा नि इस्त्री. दर खोक्याला नंबर, आत काय ते इंग्रजीत, अंदाजे किंमत डॉलरमध्ये, आणि त्या यादीच्या तीन कॉपी. एक तुमच्याकडे, एक कंपनीकडे, एक घरी. विमा उतरवा. आम्ही नव्हता उतरवला.

खाण्याचं जे न्याल ते पॅकबंद आणि लेबलवालं. हे मी अनुभवाने सांगते. सासूबाईंनी कळण्याचं पीठ दळून दिलं होतं, ज्वारी आणि अख्खे उडीद, सालासकट, चांगलं साडेचार किलो, साध्या पॉलिथिनमध्ये आणि वरून दोरा. मॉस्कोच्या विमानतळावर बॅग उघडली तर राखाडी रंगाची पावडर. त्या कस्टमवाल्या बाईने आधी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग दुसऱ्याला बोलावलं. त्याने वास घेतला. मी म्हणतेय ब्रेड, ब्रेड, हाताने भाकरी थापून दाखवतेय, हे बाजूला घामाघूम. पुढे कळलं रशियनमध्ये पिठाला मुका म्हणतात. तो एक शब्द येत असता तर दोन मिनिटांत सुटले असते, मी मात्र पाऊण तास खरंच मुकी उभी. शेवटी एम्बसीतून घ्यायला आलेल्या लोकल स्टाफने येऊन सोडवलं. पीठ मिळालं परत, पण आता मी सगळ्यांना सांगते, दुकानातून पॅक करून, छापील चिठ्ठी लावून न्या, किंवा नेऊच नका.

किल्ली हातात आल्यावर

फ्लॅट एम्बसीचा असतो किंवा एम्बसीने भाड्याने घेतलेला. आत फर्निचर, पडदे, भांडी, चमच्यांपर्यंत सगळं सरकारी. त्याची इन्व्हेंटरी म्हणजे यादी असते आणि तुम्ही थकून आलेले असता तेव्हाच ती सहीला येते. सही करू नका. म्हणजे करा, पण झोप काढून दुसऱ्या दिवशी एकेक वस्तू मोजून. सोफ्यावर डाग, कपाटाची मोडलेली बिजागरी, तडा गेलेली बशी, सगळ्याचे फोटो त्याच दिवशी काढा आणि ह्यांच्या ऑफिसच्या मेलवरून पाठवून ठेवा. तीन वर्षांनी निघताना हाच कागद पुढे येतो आणि जे कमी ते तुमच्याकडून वसूल होतं.

मग घर समजून घ्या. मेन स्विच कुठे, पाण्याचा मेन कॉक कुठे, मीटर कुठे, कचरा कुठल्या डब्यात. मॉस्कोत हीटिंग आपल्या हातात नसतं, अख्ख्या शहराचं एकदम चालू होतं, शरदात सलग पाच दिवस सरासरी तापमान आठ डिग्रीच्या खाली राहिलं की. तोपर्यंत घरात कुडकुडायचं आणि चालू झालं की इतकं गरम की बाहेर बर्फ नि आत आम्ही हाफ बाह्यांत. हवा मात्र कोरडी होते, नाकातून रक्त यायचं मुलाच्या, शेजारच्या बाईंनी सांगितलं ओला टॉवेल रेडिएटरवर टाका, थांबलं. उलट उन्हाळ्यात पाइपांच्या दुरुस्तीसाठी दहाएक दिवस गरम पाणी बंद, बिल्डिंगच्या दाराशी तारखांची नोटीस लागते. आम्हाला वाचता येत नव्हती. पहिल्या वर्षी आम्ही नळ खराब झाला म्हणून तक्रार केली आणि सगळे हसले.

पहिले पंधरा दिवस

फिरायला जाऊ नका. रेड स्क्वेअर कुठे पळून जात नाही. पहिल्या पंधरा दिवसांत फक्त चार जागा पाठ करा, दुकान, औषधाचं दुकान, मुलांची शाळा आणि एम्बसी, आणि त्या चारही जागी स्वतः एकट्याने जाऊन या. नवऱ्यासोबत नाही, एकट्याने. ज्या बायका पहिल्या महिन्यात एकट्या बाहेर पडल्या नाहीत त्या तीन वर्षं ह्यांच्या सुट्टीची वाट बघत बसलेल्या मी बघितल्यात.

निघताना खिशात तीन चिठ्ठ्या. घरचा पत्ता तिथल्या भाषेत, एम्बसीचा नंबर, आणि इमर्जन्सीचे नंबर. रशियात सगळ्यासाठी ११२, अँब्युलन्स १०३. तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचं ओळखपत्र मिळालं की ते कायम जवळ. आणि त्या कार्डाची मिजास करू नका, तिथले कायदे पाळायचे हे त्याच व्हिएन्ना करारात लिहिलेलं आहे.

लिपी शिका. भाषा नाही आली तरी चालेल, लिपी शिका. रशियन अक्षरं ३३, आठवड्याचं काम. गंमत म्हणजे त्यातली काही इंग्रजीसारखी दिसतात आणि फसवतात, इंग्रजी पी दिसतं ते र, सी दिसतं ते स, एच दिसतं ते न, बी दिसतं ते व. हे एकदा कळलं की पाट्या बोलायला लागतात. आणि मग कळतं की चहाला चाय म्हणतात नि साखरेला साखर! अगदी साखरच. मी दुकानात पाकिटावरचं अक्षर अक्षर जोडून वाचलं आणि तिथेच मोठ्याने हसले, माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. वांगं म्हणजे बकलाझान, कोथिंबीर म्हणजे किंझा, छोले म्हणजे नूत, रवा म्हणजे मान्का.

मेट्रोचं मुलांना लवकर जमतं. त्रोइका कार्ड घ्यायचं, टेकवायचं, झालं. मॉस्कोच्या मेट्रोत शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या गाडीत पुरुषाचा आवाज स्टेशन सांगतो आणि मध्यापासून दूर जाणाऱ्या गाडीत बाईचा. मुलीने हे तिसऱ्याच दिवशी पकडलं, "बाबा घेऊन जातात आणि आई घरी आणते". चुकीच्या दिशेला बसलो की डोळे मिटूनही कळायचं.

जेवण

इथे मी थोडी रेंगाळणार.

तिकडे मिळतं काय ते आधी बघा, नाही मिळत त्याचा शोक नंतर. केफिर नावाचं आंबट दाट ताक मिळतं त्याची कढी आपल्या ताकाच्या तोडीची होते, फक्त उकळी फुटू देऊ नका. त्वारोग म्हणजे चुरलेल्या पनीरसारखं, पराठ्यात घालायचं. लोण्याच्या पाकिटावर ८२.५ टक्के लिहिलेलं घ्यायचं, त्याचं तूप कणीदार होतं. वाटाण्याची डाळ स्वस्त, तिची फौजदारी डाळ जमत नाही पण आमटी होते. इंडियन दुकानं आहेत पण ज्वारीचं पीठ कधी असायचं कधी नसायचं, आलं की चार पाकिटं उचलायची.

भरीत. आपल्याकडे बामणोदची हिरवट पांढरी वांगी, पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेली, बडगीत कुटलेली मिरची लसूण, कांद्याची पात. तिकडे जांभळी, लांब, पाणचट वांगी आणि काचेची शेगडी. पहिल्यांदा मी जाळी ठेवून शेगडीवरच भाजायला गेले, साल फुटून रस काचेवर सांडला, धूर झाला आणि खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. त्या काय बोलल्या ते कळलं नाही, पण सूर कळला. मग जमलेली रीत अशी: वांग्याला सुरीने चार भोकं पाडायची (नाहीतर ओव्हनमध्ये फटाका), तेलाचा हात लावायचा, ओव्हन सगळ्यात जास्तीवर, वरचा कप्पा, चाळीसेक मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं. बाहेर काढून झाकून ठेवायचं. साल काढून चाळणीत अर्धा तास निथळत ठेवायचं, कारण पाणी फार. मग शेंगदाणे, मिरची, लसूण एकत्र जाडसर कुटून फोडणी. धुराचा वास येत नाही, तो नाहीच येणार. पण त्या आजींना वाटीभर नेऊन दिलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी वाटी परत केली ती काकडीच्या लोणच्याने भरून. आपल्याकडेही रिकामी वाटी परत देत नाहीत ना, तिथेही नाही देत.

शाळा

केंद्रीय विद्यालयं भारताबाहेर तीन आहेत, काठमांडू, मॉस्को आणि तेहरान. तिथे पोस्टिंग असेल तर डोळे झाकून तीच शाळा घ्या, सीबीएसई असते, परत आल्यावर वर्ष वाया जात नाही. इतर ठिकाणी इंटरनॅशनल स्कूल बघावी लागते, तिथे भरून घेण्यापूर्वी सरकारी नियमात फी किती बसते ते चान्सरीतून लेखी घ्या, तोंडी नको. दहावी बारावीचं पोर असेल तर माझं स्पष्ट मत आहे की पोस्टिंगचं वर्ष पुढेमागे करता येतं का ते आधी विचारा, दहावीच्या मध्यात शाळा बदलायला लावू नका.

मुलांचं मन सहा महिने खालीवर होतं. डिसेंबरात मॉस्कोत सूर्य उगवतो नऊच्या सुमाराला आणि चारला मावळतो, मुलं अंधारात शाळेत जातात आणि अंधारात येतात. आमचा मुलगा रोज विचारायचा आज पण रात्रच आहे का. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी दिलं, आणि आम्ही दुपारी अर्धा तास बाहेर काढायचोच, उणे पंधरा असलं तरी.

घरात आपली बोली सोडू नका. शाळेत हिंदी इंग्रजी, बाहेर रशियन, म्हणून मी ठरवलं घरात अहिराणी. भारताचं घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे तिथे साडेचारला शाळेतून आलं की गावी सात वाजलेले असतात, आजीची स्वयंपाकाची वेळ. रोज त्याच वेळी व्हिडिओ कॉल. तिकडून पहिला प्रश्न "जेवन व्हयनं का?" आणि दुसरा "थंडी कितली शे?" मुलं आकडा सांगायची, उणे अठरा, आणि आजी म्हणायची अरे बापरे, थोडी इकडेही पाठवून द्या.

कपडे

थंडीच्या देशात जात असाल तर जाड जॅकेट इथून घेऊ नका. आम्ही दिल्लीला बाजारात घेतलेले चार कोट पहिल्याच बर्फात निकामी. आतले उबदार कपडे इथून न्या, बाहेरचा कोट, टोपी आणि बूट तिथे जाऊन घ्या, बुटाचा तळ घसरत नाही असा, एक नंबर मोठा, आत लोकरी मोजा मावला पाहिजे. रस्त्यावर बर्फ वितळायला मीठासारखं काहीतरी टाकतात, त्याने चामड्याला पांढरे डाग पडतात, घरी आलं की ओल्या फडक्याने पुसायचे.

टोपी विसरलात तर तिथल्या म्हाताऱ्या सोडत नाहीत. नोव्हेंबरातली गोष्ट, मी मुलाला बसस्टॉपवर घेऊन उभी, टोपी त्याने काढून खिशात टाकलेली. एक आजीबाई सरळ आली, त्याच्या खिशातून टोपी काढली, डोक्यात घातली, कानावर ओढली आणि मला बोट दाखवून "शाप्का! शाप्का!" म्हणून रागावली. मी गोंधळले, मग बरं वाटलं. अमळनेरच्या स्टँडवरही कोणी म्हातारीने हेच केलं असतं.

वसंतात छतांवरून बर्फाचे सुळे पडतात, फुटपाथला पट्टी बांधलेली दिसली तर रस्त्याच्या पलीकडून जा, आपल्याकडे पट्टी ओलांडायची सवय असते ती इथे ठेवून जा.

पैसे आणि नोकरी

फॉरेन अलाउन्स बघून पहिल्या महिन्यात डोळे फिरतात. प्रत्येक वस्तूला रुपयात गुणायचं पहिले दोन महिने, मग बंद करायचं, नाहीतर कोबी पण घेववत नाही. कार्डाच्या भरवशावर जाऊ नका, रशियात तर मार्च २०२२ पासून व्हिसा आणि मास्टरकार्डने काम थांबवलं, भारतातलं कार्ड तिथे चालत नाही. पहिल्या महिन्यापुरती रोकड सोबत आणि तिथलं खातं उघडायचं काम पहिल्या आठवड्यात.

आता नोकरी करणाऱ्या बायकांसाठी (आणि नवऱ्यांसाठीसुद्धा, हल्ली बायकोची पोस्टिंग आणि नवरा मागे असंही असतं). मी इथे मेडिकलमध्ये फार्मासिस्ट होते. मला वाटलं तिथे काहीतरी मिळेल. तसं नसतं. आश्रितांना तिथे नोकरी करायची तर दोन देशांमध्ये त्यासाठी करार लागतो, भारताचे काही देशांशी आहेत, सगळ्यांशी नाहीत, आणि असला तरी आधी परवानगी. शिवाय व्हिएन्ना करारातून मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणाचा त्या नोकरीपुरता भाग सुटतो. निघायच्या आधी लेखी विचारा. इथल्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजा मिळते का ते बघा. मी राजीनामा देऊन मोकळी झाले होते आणि पहिली थंडी मी त्या एका गोष्टीवर रडून काढली, हे लिहायला लाज नाही वाटत. दुसऱ्या वर्षी एम्बसीतल्या लहान मुलांना मराठी बाराखडी शिकवायला लागले, फुकट, पण सकाळी उठून केस विंचरायला कारण झालं.

एम्बसीतली माणसं

छोटं गाव समजा. कोणाकडे काय शिजलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. साहेबांच्या मिसेस मॅडम, बाकी सगळ्या वहिनी. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला जायचंच, जानेवारीत साडीखाली दोन थर्मल. ऑफिसात काय चाललंय ते घरात विचारू नका आणि बाहेर तर बोलूच नका. घराचे, गेटचे, गाड्यांचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, कामवाली ठेवायची तर आधी ऑफिसला विचारून.

पण त्याच गावात वेळेला माणसं धावतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी मी कानबाई, आमची खान्देशची देवी, मांडली. नारळ इंडियन दुकानातून, रोटांसाठी गहू म्हणजे साधी कणीक, परडीऐवजी फळांची टोपली. मला वाटलं आम्ही चौघंच असू. खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या, दोन बंगाली कुटुंबं आली, आणि एक शिरपूरचं जोडपं आलं ज्यांचं खान्देशी असणं आम्हाला आठ महिने माहीतच नव्हतं. त्या शिरपूरच्या बाईने गाणं म्हणायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला तिचाच आवाज बसला. विसर्जनाला नदीपर्यंत जायची परवानगी वगैरे भानगड नको म्हणून बादलीत केलं, आणि पाणी खालच्या बागेत झाडाला.

निघताना

निघायच्या सहा महिने आधी वहीत लिहायला लागा. शाळेचा दाखला, औषधांची बिलं, बँक खातं बंद, जड सामानाची नवी यादी. दिल्लीला उतरल्यावर पहिल्या ढिगाचा नियम तोच, कुकर सूटकेसमध्ये.

आणि इन्व्हेंटरी. आम्ही सगळं मोजून दिलं, सोफ्याच्या डागाचा फोटो कामाला आला, पण दोन चमचे कमी निघाले. पैसे भरले, पावती घेतली. चार महिन्यांनी दिल्लीत मुलाच्या जुन्या दप्तराच्या तळाला टिफिनच्या पिशवीत दोन्ही सापडले, स्टीलचे, मागे एम्बसीचा नंबर कोरलेला. आता रोज वरणात तेच असतात.